गोळी घालणाऱ्यांच्या मुलखातून: गुहागर ते खेड, एका दिवसाची सहल

कोकणात सहली काढणाऱ्यांची आता वानवा राहिलेली नाही. समुद्र, देऊळ, माशांचे ताट आणि परतताना आंब्याची पेटी एवढ्यात बहुतेकांचा कार्यक्रम बसतो आणि त्यात वावगे काही नाही. गुहागरात राहणाऱ्या एक ताई मात्र गेली काही वर्षे अगदी वेगळ्या विषयावरची एका दिवसाची सहल चालवतात. राजकीय कारणासाठी माणूस मारणाऱ्या ज्या तरुणांचे मूळ या पट्ट्यात आहे, त्यांची नावे शंभराहून अधिक वर्षे कशी टिकली आणि त्या नावांमागचे खरे काय उरले, हा तो विषय. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मी आणि माझी थोरली बहीण या सहलीला गेलो. सेवेचे नाव लिहू नये अशी ताईंची विनंती असल्यामुळे ते इथे देत नाही.

गाडी सात आसनी आहे आणि ती ताई स्वतःच चालवतात. सकाळी साडेसहाला गुहागरहून निघायचे, आधी दक्षिणेला वेळणेश्वर, मग उलट फिरून धोपावे, तिथून फेरीबोटीने दाभोळ, पुढे दापोली आणि संध्याकाळी खेड. रेल्वेने मुंबईकडे जाणाऱ्यांना खेड स्थानकावर सोडतात, बाकीच्यांना परत आणतात. माणशी १८०० रुपये घेतात आणि त्यात नाश्ता, जेवण आणि फेरीबोटीचे तिकीट आले. दिवसाच्या हिशेबाने ही रक्कम मला वाजवी वाटली.

वेळणेश्वरला पोहोचलो तेव्हा ऊन अजून चढायचे होते. देवळापासून पुळणीपर्यंत माडांची सावली आहे आणि तिथेच एका ओट्यावर ताईंनी पहिली बैठक मांडली. चापेकर घराण्याचे मूळ ठिकाण वेळणेश्वरजवळची एक वाडी. पुढे घराणे चिंचवडला स्थायिक झाले आणि दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघे भाऊ तिकडेच वाढले. वडील हरिपंत कीर्तनकार होते आणि मुले कीर्तनात त्यांच्या मागे साथीला उभी राहत. हे सांगताना ताईंनी पिशवीतून झांजांची एक जुनी जोडी काढली आणि ती एकदाच हलकेच वाजवली. पितळेची कड झिजून पातळ झाली होती, पण तिचा नाद बराच वेळ रेंगाळला. झांजा चापेकरांच्या नाहीत, आमच्या घरच्या आहेत, हे त्यांनी न विचारता सांगितले. त्या एका वाक्याने माझा त्यांच्यावर विश्वास बसला, कारण काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका सहलीत मला एक गंजलेले पिस्तूल 'तेच' म्हणून दाखवले होते आणि प्रश्न विचारला तेव्हा मार्गदर्शक रागावला होता.

पुण्याची हकिगत त्यांनी अलंकार न चढवता सांगितली. १८९७ सालचा प्लेग, त्याच्या बंदोबस्ताची सूत्रे वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याकडे, गोऱ्या सोजिरांनी घरात शिरून घेतलेल्या झडत्या, देवघर आणि स्वयंपाकघरसुद्धा न सोडल्याचा लोकांचा संताप, आणि मग २२ जून १८९७ ची रात्र. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ गणेशखिंडीच्या सरकारी बंगल्यात होता. तिथून बग्ग्या परतत असताना 'गोंद्या आला रे आला' ही खुणेची हाक उठली, दामोदरपंतांनी रँडवर आणि बाळकृष्णपंतांनी लेफ्टनंट आयर्स्टवर गोळी झाडली. आयर्स्ट तिथेच गेला, रँड ३ जुलैला गेला. सरकारने माहिती देणाऱ्याला २०,००० रुपयांचे इनाम लावले. १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्याच्या तुरुंगात दामोदरपंतांना फाशी झाली. पुढच्या वर्षी मे महिन्यात ८ तारखेला वासुदेव, १० तारखेला त्यांचे साथीदार महादेव रानडे आणि १२ तारखेला बाळकृष्ण. पाच दिवसांत तीन फाशा. ताई इथे थांबल्या आणि काही क्षण कोणी काही बोलले नाही. तीन मुलगे गेलेल्या त्या घराचे पुढे काय झाले असेल, हे बहिणीने मला नंतर गाडीत हळूच विचारले.

या सहलीतली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे ताईंची भाषेची शिस्त. दिवसभरात त्यांनी एकदाही 'वध' म्हटले नाही आणि 'खून'ही म्हटले नाही. 'गोळी घातली' एवढेच म्हणत. दुपारी मी कारण विचारले तेव्हा त्यांनी उलगडून सांगितले. आपल्या भाषेत कंसाचा वध होतो, रावणाचा वध होतो, अफझलखानाचा वध होतो. म्हणजे वध शब्द उच्चारला की मेलेला राक्षस ठरतो आणि पुढचे काही विचारायचे कारण उरत नाही. खून म्हटले की कचेरीतले कागद बोलू लागतात आणि मारणाऱ्याच्या मनात काय होते हे पुसले जाते. हत्या म्हटले की मेलेल्याच्या बाजूने हळहळ सुरू होते. मराठी माणूस कुठल्या घटनेला कोणता शब्द लावतो यावरूनच त्या मारेकऱ्याची कीर्ती ठरते, आणि तो शब्द बहुधा आपण निवडलेलाही नसतो. शाळेच्या पुस्तकातून किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून तो आयता आलेला असतो. आयुष्यभर मराठी बोलूनही माझ्या हे ध्यानात आले नव्हते, याची मला खंत वाटली.

धोपाव्याच्या जेटीवर फेरीबोटीसाठी पाऊण तास ताटकळावे लागले. वाशिष्ठीची खाडी ओलांडायला दहा-बारा मिनिटे पुरतात, पण सुट्टीच्या दिवसांत गाड्यांची रांग लागते आणि सावलीला जागा नाही. ताईंनी एक बोट आधीची धरायला हवी होती. त्या वेळात आमच्याबरोबरच्या नाशिकच्या एका कॉलेजच्या मुलाने जे सांगितले, त्याने मात्र ही रखडपट्टी भरून निघाली. तो म्हणाला, "मी पाच वर्षं अनंत कान्हेरे मैदानावर नेटमध्ये बोलिंग करतोय. कान्हेरे म्हणजे जुन्या काळातले कुणी क्रिकेटपटू असतील, असंच मला वाटायचं. कुणी सांगितलंच नाही, आणि मीही कधी विचारलं नाही." त्याच्या आवाजात खरी ओशाळगत होती. त्या मैदानावर रणजीचे सामने होतात, म्हणजे ते नाव वर्तमानपत्रांच्या क्रीडा पानांवर वर्षानुवर्षे छापले जाते. कीर्ती टिकते ती अशी. पाटीवर, तिकिटावर, धावफलकावर नाव राहते आणि त्यामागचा मुलगा कुठल्या कुठे जातो.

अनंत लक्ष्मण कान्हेरे खरोखर मुलगाच होता. खेड तालुक्यात जन्मलेला, शिक्षणासाठी औरंगाबादेत राहिलेला, वयाने अठराच्या आतबाहेर. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात त्याने कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या आणि तो तिथेच पकडला गेला. बाबाराव सावरकरांवरच्या राजद्रोहाच्या खटल्यात जॅक्सनचा हात होता आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात बाबारावांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती, हे त्यामागचे मुख्य कारण. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात अनंताला फाशी दिले. त्याच्याबरोबर त्याच दिवशी कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांनाही दिले.

ताईंनी आम्हाला विचारले, की या तिघांपैकी एकाच्याच नावाचे मैदान का? फासाचा दोर तिघांना सारखाच, तुरुंग तोच, तारीख तीच. उत्तरही त्यांनीच दिले आणि ते मला पटले. लोकांच्या आठवणीत चाप ओढणारा हात राहतो. ज्यांनी बेत आखला, ज्यांनी पिस्तूल पोहोचवले, जे त्या रात्री त्याच नाट्यगृहात दुसऱ्या जागी थांबले होते, ते सगळे तळटिपेत जातात. पुण्यातही हेच झाले. 'चापेकर बंधू' हा जोडशब्द इतका घट्ट बसला की महादेव रानडे त्यातून बाहेर पडले, कारण ते भाऊ नव्हते. चिंचवडला चापेकरांचे स्मारक आहे, २०१८ साली दामोदरपंतांचे टपाल तिकीट निघाले, 'गोंद्या आला रे' तर इतिहासाशी काही देणेघेणे नसलेल्या माणसाच्याही तोंडी बसले आहे. रानड्यांचे नाव आमच्या गाडीतल्या प्रवाशांपैकी फक्त एकाला ठाऊक होते.

दाभोळ सोडून दापोलीच्या रस्त्याला लागल्यावर, एका आंब्याच्या कलमांच्या बागेत गाडी थांबवून ताईंनी आपल्या संग्रहातले सर्वांत अनपेक्षित पान बाहेर काढले. आर्थर मेसन टिपेट्स जॅक्सन संस्कृतचा अभ्यासक होता आणि लोक त्याला पंडित जॅक्सन म्हणत, एवढे मी वाचले होते. पण या माणसाने आपल्या कोकणातल्या लोकसमजुती गोळा करण्याचे काम हाती घेतले होते, हे मला मुळीच ठाऊक नव्हते. गावोगावच्या शाळामास्तरांकडून त्याने माहिती मागवली होती आणि त्याच्या मृत्यूनंतर आर. ई. एन्थोव्हेन या अधिकाऱ्याने ती संकलित केली. कोकणचा भाग १९१५ साली छापून निघाला. पानोपानी तळाशी माहिती देणाऱ्या गावाचे आणि तिथल्या मास्तरांचे उल्लेख आहेत. वेताळ, मुंजा, हडळ, ग्रहणाचे नियम, विहिरीच्या आणि झाडाच्या देवता, पाऊस पडावा म्हणून करायचे उपाय, हे सगळे, म्हणजे माझी आजी ज्या गोष्टी सांगून आम्हाला तिन्हीसांजेला घरात घेत असे त्याच गोष्टी, त्या साहेबाच्या दप्तरामुळे कागदावर राहिल्या.

झेरॉक्सचा तो कागद पिवळट आणि कडा दुमडलेला होता, अक्षरे बारीक आणि मजकूर इंग्रजीत. ताईंनी मुंज्याबद्दलचा मजकूर वाचून मराठीत सांगितला. सोडमुंज होण्याआधी मेलेला ब्राह्मणाचा मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. ऐकताना बहिणीने माझा हात धरला. आमच्या आजोळच्या परसात असाच एक पिंपळ होता. मग ताईंनी कागद घडी करून ठेवला आणि म्हणाल्या, "त्या रात्री नाट्यगृहात दोन माणसं समोरासमोर आली. एक कोकणात जन्मलेला. दुसरा कोकणच्या गोष्टी जमवणारा. दोघांना एकमेकांबद्दल यातलं काही माहीत असेल असं मला वाटत नाही."

मी स्वतः असे मानतो की जॅक्सनच्या विद्वत्तेमुळे तो ज्या सत्तेचा नोकर होता तिचा जुलूम कमी ठरत नाही, आणि कान्हेऱ्याच्या त्यागामुळे जॅक्सन राक्षस ठरत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरून ठेवणे अवघड आहे. मारेकऱ्याच्या कीर्तीचा सर्वांत मोठा दोष हाच, की ती मरणाऱ्याला एका नावापुरता आणि एका हुद्द्यापुरता उरू देते. आयर्स्टबद्दल तर तेवढेही उरलेले नाही. म्हणून जी सहल क्रांतिकारकाच्या गावाकडे जाताना वाटेत मृत कलेक्टरने जमवलेला कागद उघडते, ती चालवणाऱ्या व्यक्तीबद्दल मला मनापासून आदर वाटतो. असे करायला धैर्य लागते, कारण दोन्हीकडचे लोक रागावतात. पूर्वी एकदा एका गटाने अर्ध्या वाटेत पैसे परत मागितले होते, असे ताईंनी सांगितले.

आमच्या गटातही एक अवघड क्षण आलाच. डोंबिवलीहून आलेल्या एका गृहस्थांनी ३० जानेवारी १९४८ चा विषय काढला आणि त्या मारेकऱ्याला याच यादीत का धरत नाही, असे जरा चढ्या आवाजात विचारले. ताईंनी गाडी बाजूला घेतली आणि मागे वळून शांतपणे उत्तर दिले. "काका, नाव तर त्याचंही राहिलंय, कदाचित या सगळ्यांपेक्षा जास्त. पण देश स्वतंत्र झाला होता, बोलायला सभा होत्या, लिहायला वर्तमानपत्रं होती. प्रार्थनेला निघालेल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या निःशस्त्र माणसाला गोळ्या घालणं मी या रस्त्यावर सांगणार नाही." काका गप्प झाले, पटले की नाही, हे मी सांगू शकत नाही. पुढे ताईंनी साराजेव्होचे उदाहरण दिले. २८ जून १९१४ ला ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळी झाडणारा गाव्रिलो प्रिन्सिप एकोणीस वर्षांचा होता. युगोस्लाव्हिया असताना तिथल्या पुलाला त्याचे नाव होते, तो देश मोडला आणि पुलाला जुने नाव परत मिळाले. राज्य बदलले की मारेकऱ्याचा हुद्दा बदलतो, हे याहून थोडक्यात सांगता येणार नाही.

दापोलीत जेवण झाले. ओळखीच्या घरी पानावर बसवून वाढतात. ओल्या काजूंची उसळ, फणसाची भाजी, कुळथाचे पिठले, भात आणि सोलकढी. उसळीबद्दल मी वेगळे पान लिहू शकेन, पण ते इथे नको.

खेडच्या वाटेवरचा भाग मला थोडा घाईत उरकल्यासारखा वाटला, आणि हीच या सहलीची खरी उणीव आहे. ताई इथे आणखी एक धागा उलगडतात आणि त्याला किमान तासभर तरी द्यायला हवा. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचाही जन्म याच खेड तालुक्यातला, शेरवलीचा, १८ एप्रिल १८५८ चा. म्हणजे दामोदरपंतांना येरवड्यात फासावर चढवले त्या दिवशी अण्णांना, म्हणजे धोंडो केशवांना, चाळीस वर्षे पूर्ण झाली होती, आणि ते त्याच पुण्यात, दोनच वर्षांपूर्वी सुरू केलेल्या अनाथ बालिकाश्रमाच्या कामात गुंतलेले होते. नाशिकला जॅक्सनच्या निरोपानिमित्त लागलेले नाटक होते देवलांचे 'संगीत शारदा', ज्याचा विषय म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीचा. अण्णा ज्या विधवांसाठी झटले, त्यांपैकी कितीतरी अशाच लग्नांतून विधवा झालेल्या होत्या. एका तालुक्यातला एक मुलगा अठराव्या वर्षी फासावर गेला आणि दुसरा १०४ वर्षे जगून १९६२ साली गेला. दोघांचीही नावे टिकली, पण अण्णांच्या नावाबरोबर त्यांची संस्था टिकली, तिथे शिकलेल्या मुली टिकल्या. कान्हेऱ्याच्या नावाबरोबर एक रात्र टिकली. हा विचार ताईंनी मांडला तेव्हा गाडी घाटाच्या वळणांवर होती, मागच्या आसनावरच्या दोघांना मळमळत होते आणि निम्मे शब्द इंजिनाच्या आवाजात गेले. हे दापोलीतच, जेवणानंतर पडवीत बसून सांगायला हवे होते.

बाकीच्या तक्रारी किरकोळ आहेत. मागच्या दोन आसनांवर उंच माणसाचे गुडघे अडकतात. वेळणेश्वर ते दापोली या टप्प्यात बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहाची एकच सोय आहे आणि ती आधी सांगायला हवी. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, सहल बंद असते. ज्येष्ठांना चालणे फारसे नाही, त्यामुळे गुडघेदुखी असणाऱ्यांनी बिचकू नये. मात्र एप्रिल-मे टाळून नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जावे. लहान मुलांना नेऊ नये असे मी म्हणेन. विषय समजायला निदान आठवी-नववीचे वय हवे.

राहता राहिले माहितीपत्रक. सकाळी प्रत्येकाला दोन पानी पत्रक देतात आणि त्यात कान्हेऱ्याला नाशिकला फाशी दिल्याचे छापले होते. मी दुपारी बाजूला घेऊन ठाण्याचे म्हणून दाखवले. ताईंनी आपल्या टिपणवहीत पाहून घेतले, मग सर्वांसमोर आपली चूक सांगितली आणि सगळी पत्रके परत गोळा करून प्रत्येकावर पेनाने 'नाशिक' खोडून 'ठाणे' लिहिले. खेड स्थानकावर गाडीची वाट पाहत असताना त्या पुन्हा माझ्याकडे आल्या. नव्या छपाईत महादेव रानड्यांचे नाव चापेकरांच्या खाली न घालता त्यांच्याच ओळीत घालायचे ठरवले आहे, म्हणाल्या, आणि तारीख पुन्हा एकदा विचारून घेतली. मी सांगितली, १० मे १८९९. नाशिकचा मुलगा शेजारीच उभा होता. त्याने ती आपल्या तळहातावर लिहून घेतली.